पन्हळीपाशी मागे फिरलेली पावलं

देवळाच्या मागच्या भिंतीतली मूर्ती पहाटे गेली. ऊन उतरायच्या आत फौजदार दगडवाल्या बाईंना ठाण्यात नेणार होते; आदल्या दिवशी मूर्ती भिंतीतून सुटी केली होती ती त्यांनीच. मधल्या वेळात बाईंनी आत्याला गाठलं.

"जुनी देवळं दुरुस्त करते मी," बाई म्हणाल्या. "चोरीचा डाग लागला तर उद्या कुणी पायरीलाही हात लावू देणार नाही."

आत्याचा धंदा खाजगी तपासाचा. सोबतीला भाचा बाळ्या. वय चाळिशीचं, दुकान अत्तराचं. नाक तल्लख, बाकी कारभार निवांत. असल्या नाकाच्या माणसाला वटवाघळांच्या देवळात नेणं म्हणजे छळच, पण आत्याला छळायला दुसरं होतं कोण?

देऊळ देखणं होतं. चुन्याचा थेंब न वापरता दगडात दगड अडकवलेला. पण शिखराखालच्या छज्ज्यात वटवाघळं गच्च लटकलेली, आणि समोरची सोडून तिन्ही बाजूंच्या फरशीवर त्यांच्या विष्ठेचा बोटभर थर. आदल्या दिवशी भिंत धुतल्यानं त्याचा रबरबीत लगदा झाला होता. बाळ्याचं पाऊल पचकन रुतलं. बोटांच्या फटींतून काहीतरी कोमट वर आलं.

"आत्या, मी गाडीत बसतो."

"बस. पण पाय बाहेर ठेव."

डाव्या अंगाला गाभाऱ्यातल्या अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारी दगडी पन्हळ होती. तिच्याखालच्या चरात नासलेलं दूध, मध आणि सडकी फुलं बुळबुळत होती. वर माश्यांचं झाकण. पुजारी चराच्या दोन बाजूंना दोन पाय टाकून तो गाळ खरवडत होता.

"असं उभं राहिल्याशिवाय ही घाण निघत नाही, आत्याबाई. देव समजून घेतो."

"मूर्ती कसली होती?" आत्यानं विचारलं.

बाई चर ओलांडून देवळाच्या मागच्या अंगाला गेल्या, मागोमाग आत्या आणि बाळ्या. बाईंनी टेपनं रिकामा कोनाडा दाखवला. "सगळे देवी म्हणत. काल पुजारी आणि विश्वस्त या दोघांसमोर खाचेतून सोडवली, काजळी धुतली. पायांत घुंगरू निघाले, बाजूला मृदंग. आणि हात जोडलेले. देवी कुणाला हात जोडेल? हात जोडून उभा राहतो तो देऊळ बांधणारा. एका नाचणारीनं बांधलंय हे."

"भलतंच," मागून विश्वस्त म्हणाले. नाकाला रुमाल, कपाळाला भस्म. "आमच्या खापरपणजोबांच्या खापरपणजोबांनी बांधलं. सरदार होते ते. चला, चोर गेला ते फाटक दाखवतो."

फाटक पन्हळीच्या पलीकडे, चार पावलांवर. पण विश्वस्त चरापाशी थबकले, वळले आणि अख्ख्या देवळाला उलटा वळसा घालून पलीकडून आले. "देवाचं पाणी ओलांडू नये," ते धापा टाकत म्हणाले.

फाटकापलीकडे विश्वस्तांचं परस, मग रस्ता. बाळ्यानं हुंगलं आणि नाक दाबलं. "हा वटवाघळांचा वास नाही. तो झोंबतो. हा जड आहे, माणसांचा."

"वटवाघळंच ती," विश्वस्त घाईनं म्हणाले.

फाटकाशी उभ्या फौजदारांनी लगद्यातली अनवाणी पावलं दाखवली. कोनाड्यापासून पन्हळीकडे गेलेली, टाचेपर्यंत रुतलेली. तिथून मागे फिरलेली, तितकीच खोल. आणि पन्हळीच्या पलीकडे, देवळाच्या समोरून येऊन फाटकात शिरलेली, तीही खोल.

"चोर दोन," फौजदार म्हणाले. "एकानं पन्हळीवरून मूर्ती दिली, दुसऱ्यानं घेतली. बाई आणि त्यांचा एखादा गडी."

"मलाही तसंच वाटतं," बाळ्या म्हणाला.

"तुला तसं वाटलं की माझं निम्मं काम होतं. जा, कोनाड्यापर्यंत चालत जा. येताना तिथली पुजाऱ्यांची भरलेली घागर घेऊन ये."

बाळ्या पचापचा गेला, पचापचा आला. जातानाची पावलं उथळ, येतानाची टाचेपर्यंत.

"बघा," आत्या म्हणाली. "मूर्ती पलीकडे दिली असती, तर परतीची पावलं हलकी पडली असती. दिलीच नाही. चोर एकच. ओझं घेऊन पन्हळीपर्यंत आला, फाटक समोर दिसत होतं, तरी मागे फिरला आणि सगळं देऊळ फिरून तिथंच पोचला. का? बाईंनी आत्ता चर ओलांडला. पुजारी त्यावर पाय फाकून उभे राहतात. न ओलांडणारं माणूस इथं एकच पाहिलं मी. जन्मभराची सवय, विश्वस्तसाहेब. चोरी करतानाही पाय उचलला नाही तुमचा."

विश्वस्तांचा रुमाल खाली आला.

"आपल्याच देवळातून मी कशाला चोरू?"

"विकायला नाही, लपवायला. सरदारांच्या जागी घुंगरू निघाले ना. कुठं टाकलीत, ते आमच्या बाळ्याच्या नाकानं मघाशीच सांगितलंय. फौजदार, यांच्या शौचालयाची टाकी उघडा. झाकण आज एकदा निघालेलं आहे."

झाकण सरकलं आणि बाळ्या तिथंच ओकला. फौजदारांनीही तोंड फिरवलं. आत, सगळ्या घराच्या घाणीत, ती दगडातली नाचणारी उताणी तरंगावी तशी रुतली होती. चेहऱ्यावर किडे वळवळत होते. हात अजून जोडलेले.

दगडवाल्या बाईंनी पदर खोचला आणि खांद्यापर्यंत हात आत घातले. कुणाची मदत मागितली नाही. पुजारी मात्र धावत गेला आणि दुसऱ्या बाजूनं धरलं.

मूर्ती वर आली तेव्हा घाणीचे शिंतोडे विश्वस्तांच्या धोतरावर उडाले. ते शहारले. "फौजदारसाहेब, येतो मी. पण आधी आंघोळ करू द्या. असा अशुद्ध कसा येऊ?"

परसात नळ एकच होता. आत्यानं बादली त्याखाली सरकवली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "आधी मालकीणबाईंची होऊ दे."