धुणं वाळत घालणारी बाई

"अहो सर… उठा. संग्रहालय बंद होतंय."

बाकावर बसल्या बसल्या ते चक्क झोपले होते, मान कलती, मांडीवर ओली छत्री. समोर धुणं वाळत घालणाऱ्या बाईचं जुनं तैलचित्र. कॉलेजच्या कायमच्या संग्रहातलं. तो संग्रह मी सांभाळते. वर्गासाठी मागेल त्याला चित्र भिंतीवरून उतरवून द्यायचं, पुसून परत टांगायचं.

"माफ करा," ते गडबडले. "इस्पितळात रात्रपाळी करून आलो. नर्सिंगच्या मुलींना शिकवतो मी. पेशंटकडे नीट बघायची सवय लागावी, म्हणून चित्र शोधत होतो."

"आणि डोळे मिटल्यावर सापडलं?"

ते हसले. दमलेलं, पण खरं हसू.

मग दर आठवड्याला ते वर्ग घेऊन येऊ लागले. मुली म्हणायच्या, बाई दुःखी आहे, कुणाची तरी वाट बघतेय. एकदा ते अचानक माझ्याकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

"कंबर दुखतेय तिची. सगळा भार बघा, डाव्या पायावर. आणि बादलीत अजून अर्धं धुणं बाकी आहे."

ते चित्राकडे नाही, माझ्याकडे बघत होते… मुली गेल्यावरही ते रेंगाळले.

"तुमचीही दुखते ना? टेबल धरल्याशिवाय बसत नाही तुम्ही."

कुणी विचारलंच नव्हतं इतकी वर्षं. अंथरुणाला खिळलेली आई, तिला उचलणारी मी एकटी, फोनवरून सल्ले देणारा दादा… भडाभडा बोलून गेले. "तेव्हा सर, माझ्यात गुंतू नका. दोन स्थळं आईला बघूनच परत गेलीत."

"मी येऊ?… स्थळ म्हणून नाही. आईंना उचलायला."

रविवारी ते खरंच आले. "आई, हात माझ्या खांद्यावर टाका," म्हणाले आणि चादरीसकट तिला अलगद वर सरकवलं. तिचं नेहमीचं कण्हणं ऐकूच आलं नाही.

"कोण गं हे?" आईनं विचारलं.

"कॉलेजातले सर."

"रोज येतील का?"

त्यांचे कान लाल झाले. "तुमची लेक… हो म्हणाली तर. जन्मभर येईन."

लाजायलाही अंगात त्राण नव्हतं माझ्या. मी भिंतीला टेकले.

"या," मी म्हणाले. "रोज या."