शेवटचं रीळ

गुलशन टॉकीज शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. मूळची ती कापसाची वखार. छत पत्र्याचं, जमीन शहाबादी फरशीची, आणि कितीही धूप घातला तरी कोपऱ्यांतून सरकीचा वास यायचा. बायकांचा जनाना सगळ्यात मागं, लाकडी उंचवट्यावर. त्याच्यापुढं जाड निळा पडदा. दिवे मालवले की जनान्यावरची कामवाली बिल्किसमामा (कामवालीला तिकडं मामाच म्हणत) दोरी ओढून पडदा बाजूला करायची आणि रीळ बदलायला दिवे लागायच्या आत पुन्हा ओढून घ्यायची. अंधारात सिनेमा, उजेडात निळं कापड, असा बायकांचा खेळ चालायचा.

बाईमाणसाचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, ही शहराची रीत होती. त्यामुळं न्यायला कोणी आलं की तो माणूस दाराच्या गोणपाटाबाहेर उभा राहून घरधन्याचं नाव सांगायचा आणि बिल्किसमामा ते आत ओरडायची, "हमीदखां वकीलसाब की सवारी आ गई!" मग त्या घरची जी कोणी असेल ती "आले" म्हणायची आणि अंधारात चपला चाचपायची. शहरातल्या बहुतेक पुरुषांचे आवाज मामाला पाठ होते. चेहरा तिनं एकाचाही पाहिला नव्हता.

शैलाचे वडील अनंतराव कोर्टात पेशकार होते. मुन्सफापुढं कागद मांडायचे आणि पुकारा करवायचा, हे त्यांचं काम. संस्थानच्या रिवाजानं शुक्रवारी कचेरीला सुट्टी असायची, आणि दुपारच्या खेळाला शैलाला घेऊन जायचं हे ठरलेलं. सोबतीला समोरच्या घरातली सगीरा असायची. हिमरू विणणाऱ्या कमरोद्दीनची मुलगी, शैलाच्याच वयाची. शैला मुलींच्या शाळेत शिकवू लागली तरी हा शिरस्ता मोडला नव्हता.

अनंतरावांची एक खोड होती. शेवटचं रीळ चढलं की ते उठायचे. खेळ सुटल्यावर गर्दीत टांगा मिळत नाही, म्हणून आधीच जाऊन जहांगीरचा टांगा दारात लावायचा. त्यामुळं त्यांनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. तो शैलानं सांगायचा. टांग्यात ते पुढं, जहांगीरशेजारी. मुली मागच्या बाजूला पाठ करून, आणि भोवती घरची पांढरी चादर बांधलेली. पाठीला पाठ लावून, चादरीतून, सराफ्यापासून गुलमंडीपर्यंत शैला शेवट सांगायची. मध्येमध्ये ते म्हणायचे, "हं." तो हुंकार आला की पुढं सांगायचं.

बारा महिने ते कानात खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, अत्तराचा बोळा ठेवायचे. "पेशकारसाब, थंडीत हिना लावतात, खस नाय," असं कमरोद्दीन चिडवायचा. "आमचा उन्हाळा आमच्या कानात," असं अनंतरावांचं उत्तर असायचं.

निघताना ते माजघराच्या दाराशी थांबायचे.

"येणं होतंय का?"

आतून शैलाची आई, भानुमती, म्हणायची, "पुढच्या खेपेला."

दर शुक्रवारी हेच दोन शब्द. तिनं येताना पांघरावी म्हणून त्यांनी कमरोद्दीनकडून किरमिजी हिमरूची शालसुद्धा विणून घेतली होती. ती ट्रंकेत घडी न मोडता पडून होती.

श्रावणातल्या एका शुक्रवारी सगीराला ताप होता, म्हणून शैला एकटीच मागं बसली होती. सिनेमा एका नावाड्याचा आणि पुरात त्याला सापडलेल्या मुलीचा होता. शैला रंगून शेवट सांगत होती. घर आलं. जहांगीर म्हणाला, "साब, घर आ गया." दुसऱ्यांदा म्हणाला. मग तो खाली उतरला आणि त्यानं चादरीवर हलकेच टकटक केलं, "बिटिया, तुम अंदर जाओ. अम्माकू बोलो."

अनंतराव बसल्या जागी गेले होते. काळी टोपीसुद्धा हलली नव्हती.

लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण. शैला ऐकून घ्यायची. तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती कोणाला विचारण्यासारखी नव्हती. शेवटचा "हं" कुठं आला होता? नाव सोडून मुलगी काठावर उतरते तिथं? की त्याच्याही आधी, सिटी चौकात? ती किती वेळ नुसत्या पाठीला गोष्ट सांगत होती? तिनं एकदा जहांगीरला विचारलं. तो म्हणाला, "बिटिया, मैं तो घोड़े कू देख रहा था." त्यानंतर घोडा लंगडायला लागला आणि त्यानं टांगा तबेल्यात लावला.

आई मागच्या खोलीत बसली. वर्षभर उंबरा ओलांडायचा नव्हता. चादर, शाल, टोपी, सगळं ट्रंकेत गेलं.

पौषात सगीरा हट्टाला पेटली. "चल की गं. किती दिवस भिंतीकडं बघशील? मला एकटीला अब्बा सोडत नायत."

"आई एकटी राहील."

आतून आईच म्हणाली, "जा गं. मी कुठं जाणारे?"

जनान्यात सगळं तसंच होतं. सरकीचा वास, निळा पडदा, पुढच्या रांगेतलं कुणाचं तरी रडणारं लेकरू. सिनेमा बेताचा होता. शेवटचं रीळ चढलं आणि, खेळ सुटायला अवकाश असतानाच, मागून बिल्किसमामाचा आवाज आला.

"अनंतराव पेशकारसाब की सवारी आ गई!"

सगीरानं शैलाचा हात घट्ट धरला. दोघींनी मागं पाहिलं. मामा तोंडावर हात ठेवून उभी होती.

"मामा, हे काय?" सगीरा दबक्या आवाजात म्हणाली.

"मैं क्या करूं, बेटा? बाहर से बोले, मैं बोल दी." मामानं गोणपाटाकडं बोट केलं. "आवाज उनकाच था. खाकरून बोलतात ना, तसंच."

शैला उठली. गोणपाट सारून बाहेर आली तेव्हा एक टांगा सराफ्याच्या वळणावर होता. मागं पांढरी चादर बांधलेली. वळला आणि दिसेनासा झाला. रस्त्यावर पौषातलं कोरडं ऊन होतं आणि त्यात, ओल्या वाळ्याच्या ताट्याजवळून जावं तसा, खसाचा वास.

ती घाबरली नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. ती शिकलेली, चार पुस्तकं वाचलेली मुलगी होती. सगीराला घेऊन घरी येताना तिनं एकेक शक्यता तपासली. मामाचं वय झालं. सवयीनं नाव तोंडात आलं असेल. कोणी टवाळानं नक्कल केली असेल. प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं, आणि एकानंही मन भरत नव्हतं. ती वाट वाकडी करून जहांगीरच्या तबेल्यात गेली. टांगा भिंतीला टेकवलेला होता, एक चाक काढलेलं. घोडा गवत खात होता.

"क्या हुआ, बिटिया?"

"काही नाही," ती म्हणाली. "घोडा बरा आहे ना?"

पुढच्या शुक्रवारी सगीराला ओढून नेण्याची पाळी शैलाची होती.

"तुला भीती नाय वाटत?"

"बघायचंय."

"काय बघायचंय?"

शैला तिचा हात धरून आत शिरली. ती दाराजवळच्या बाकावर बसली, चपला पायातच ठेवून. तिनं सवयीनं डोळे पडद्यावर ठेवले. पण या खेळाचा शेवट तिला सांगायचा नव्हता. तिला सांगायचा होता तो नावाड्याचा.

रीळ चढलं. गोणपाटापलीकडं कोणीतरी खाकरलं.

"अनंतराव पेशकारसाब की—"

"आले," शैला म्हणाली.

सगीरा बाकावरच राहिली. टांगा दाराला लागून उभा होता. चादरीच्या कोपऱ्याला निळ्या दोऱ्यानं रफू केलेलं होतं. ते आईच्या हातचं होतं आणि ती चादर घरी ट्रंकेत होती. शैलानं ती उचलली, मागच्या बाजूला चढली आणि पाठ टेकून बसली. टांगा हलला.

घोड्याची घुंगरं वाजत होती. सराफ्यातली ठोकठोक ऐकू येत होती. पुढं एक माणूस होता की दोन, हे तिला कळत नव्हतं. मान वळवून चादर बाजूला करणं हाताच्या अंतरावर होतं. पण तसं कधीच केलेलं नव्हतं. सांगणाऱ्यानं पाठ करूनच सांगायचं होतं.

"नावाड्याचा राहिला," ती म्हणाली.

सराफा मागं पडला. मग पाठीमागून, अगदी जवळून, "काठापर्यंत ऐकला. मुलगी उतरते तिथपर्यंत."

तिचे डोळे भरून आले. एवढंच तिला हवं होतं. काठापर्यंत. म्हणजे सिटी चौकाच्या पुढं, गुलमंडी जवळ आल्यावर. म्हणजे ती फार थोडा वेळ एकटी बोलत होती.

तिनं सांगायला सुरुवात केली. मुलगी काठावर उतरते. नावाडी नाव वळवतो. ती हाक मारते, पण पाण्याच्या आवाजात त्याला ऐकू जात नाही.

"हं."

मग ती त्याचा कंदील काठावर टांगते आणि दर संध्याकाळी लावते. लोक तो बघून नाव लावायला लागतात. तिथं नवा धक्का होतो. नावाडी येतो की नाही, हे दाखवलेलं नाही.

"हं," पाठीमागचा आवाज म्हणाला. थोड्या वेळानं, "चांगला आहे."

टांगा गुलमंडीला आला. गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. शैला उतरायला लागली तेव्हा चादरीतून, त्याच जुन्या, थट्टेच्या सुरात प्रश्न आला.

"येणं होतंय का?"

इतक्या वर्षांची सवय. आई कामात असली की तिचं उत्तर शैलाच द्यायची. तिच्या तोंडून ते निघून गेलं.

"पुढच्या खेपेला."

टांगा निघून गेला. ती कितीतरी वेळ तिथंच उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आडावर पाणी शेंदताना तिला आपण काय बोललो ते समजलं, आणि पोहरा हातातून सुटला.

त्या आठवड्यात तिनं आईला नजरेआड होऊ दिलं नाही. आई बरी होती. जेवत होती, जपमाळ ओढत होती. शुक्रवार आला तेव्हा सगीरा मोठ्या बहिणीला घेऊन खेळाला गेली.

"तू गेली नाहीस?" आईनं विचारलं.

"पेपर तपासायचेत."

घराला दार एकच होतं. शैला त्या उंबऱ्यात शाळेचे पेपर मांडीवर घेऊन बसली. मागच्या खोलीतून माळेचे मणी सरकल्याचा आवाज येत होता. तिनं कान तिकडंच ठेवले. मणी सरकत राहिले. तिच्यावरून, तिच्या बाजूनं, कोणीही गेलं नाही. ऊन भिंतीवर चढलं, समोरच्या घरातला माग बंद झाला. कधीतरी मणी थांबले. आईचा डोळा लागला असेल, असं तिला वाटलं. मग ते पुन्हा सुरू झाले.

संध्याकाळच्या आधी सगीरा गल्लीत शिरली. बुरख्याचा पडदा मागं टाकत ती उंबऱ्यापाशी आली आणि हसत म्हणाली, "वा गं! मावशींना पाठवायचं होतं तर मला सांगायचं तरी."

शैला उठून उभी राहिली.

"मागच्या बाकावर बसल्या होत्या. पांघरलेलं होतं, पण आमच्या अब्बांचं विणकाम मी अंधारात पण ओळखते. वर्षाच्या आत चोरून आल्या असतील, म्हणून मी वळून बघितलं नाय. त्यांना लाज वाटायला नको." तिनं आवाज खाली केला. "पेशकारसाबांच्या नावानं सवारी पुकारली तेव्हा 'आले' म्हणाल्या. म्हणजे ती तुमच्याच घरून यायची होय, मी उगीच घाबरत होते. आवाज किती खूश होता गं त्यांचा!"

शैला आत गेली. सगीरा तिच्या मागं.

ट्रंक उघडी होती. आई पाटावर बसली होती, जपमाळ बाजूला. खांद्यावर किरमिजी शाल, नवी, घडीच्या रेघांसकट. दोन्ही पाय घोट्यापर्यंत रस्त्याच्या पांढऱ्या धुळीनं माखलेले. खोलीत थंडी होती आणि खसाचा वास.

"बरं झालं आलीस," आई म्हणाली. तिचा चेहरा शैलानं कधी पाहिला नव्हता इतका तरुण दिसत होता. "चांगला असतो गं सिनेमा. उगीच नाही म्हणत राहिले."

"आई, शाल काढ."

"शेवट तेवढा राहिला. ह्यांचं ठाऊक आहे ना तुला, शेवटचं रीळ सोडून उठायचं. म्हणाले, शैला सांगेल." तिनं शैलाच्या मागं पाहिलं. "तू तर नव्हतीस. सगीरा होती. सांग गं तू. टांगा थांबवलाय. शेवट ऐकला की निघू म्हणालेत."

"शेवट ना?" सगीरा पुढं होत म्हणाली. "मावशी, शेवटी ती—"

शैलानं तिच्या तोंडावर हात दाबला.

 आई मान थोडी कलती करून वाट पाहत होती. सगीराचा गरम श्वास शैलाच्या तळहातावर लागत होता.

गल्लीत घोड्यानं मान झटकली. घुंगरं वाजली आणि थांबली.

मग भिंतीपलीकडून, अगदी जवळून, आवाज आला.

"हं."