लाइन गेली की तो यायचा

रादामेसला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो माझ्या घरातल्याच पार्लरच्या दारात नखशिखान्त भिजून उभा होता. आत रोलर लावून बसलेल्या सगळ्या बायकांसमोर त्याने विचारलं, "युदेल्का तुम्हीच ना? न्यूयॉर्कहून तुमच्या मिलाग्रोस आत्याचा निरोप आहे. तुमच्यासाठी भरलेलं सामानाचं पिंप बोटीवर चढलं. तुम्ही सांगितलेल्या मापाच्या ब्रा त्यात आहेत, पण काळ्या मिळाल्या नाहीत, म्हणून गुलाबी घेतल्यात."

बायका हसून हसून बेजार झाल्या. मी कानापर्यंत लाल झाले आणि विचारलं, की माझ्या आत्याचा निरोप तुमच्याकडे आलाच कसा.

केसांतून ओघळणारं पाणी पुसत तो म्हणाला, "त्याचीच… माफी मागायला आलोय."

प्रकार असा होता. आमच्या कोन्स्तान्सा गावातल्या पुष्कळ घरांत असतो, तसा आमच्याकडेही इंटरनेटवर चालणारा फोन आहे. डबा आमच्या बैठकीत, नंबर मात्र न्यूयॉर्कचा. तिकडच्या माणसांना शेजारच्या गल्लीत लावावा तसा इकडे फोन लावता येतो. आई गेल्यावर माझा भाऊ नेफ्ताली पापांना न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सला घेऊन गेला, तेव्हा पापांनीच हट्टाने हा फोन स्वतःच्या नावावर घेतला. तो नंबर त्यांनी परवचा म्हणावा तसा घोकून पाठ केला.

इंटरनेट जोडायला रादामेस आला, त्या दिवशी मी बाजारात होते. लाइन बंद पडली तर येणारे फोन एखाद्या मोबाइलवर वळवायची सोय त्या डब्यात असते. पापांना फोन करून त्याने पासवर्ड विचारला आणि चाचणीपुरता आपला नंबर टाकला. आपला म्हणजे त्याच्या कंपनीने दिलेल्या मोबाइलचा. तो काढून माझा टाकणार, एवढ्यात वीज गेली. पुढच्या कामाच्या घाईत तो विसरला आणि तोवर पापा पासवर्ड विसरले.

झालं. फोनवाली परदेशी कंपनी म्हणे, ज्याच्या नावावर खातं आहे त्यानेच बोलायला हवं. ते पापांना विचारत, तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय? पापा दर वेळी वेगळं नाव सांगत. सुरुवातीला आम्ही हसलो. पुढे हसू येईनासं झालं.

म्हणून लाइन गेली की रादामेस यायचा. आमच्या डोंगरात लाइन जायला निमित्त लागत नाही. जरा वारा सुटला, भाजीचा ट्रक खांबाला घासला, की डब्यावरचा हिरवा दिवा विझला. मग मोटारसायकलचा आवाज, दारात ओले बूट, आणि निरोप. आत्याने तर फोनवरच त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करून टाकली. मला म्हणाली, आवाज चांगला आहे गं पोराचा, दात कसे आहेत? दात चांगले होते. पण ते मी तिला कशाला सांगू.

हळूहळू तो निरोप नसतानाही यायला लागला.

"आज काय सांगितलंय आत्याने?" मी विचारायची.

"आज काही नाही. लाइन गेलीय, एवढंच सांगायला आलो."

"माझ्याच घरातली लाइन. मला कळत नाही?"

"कळतं… पण खात्री केलेली बरी."

मग तो कॉफी घेत उभा राही आणि आरशातून माझ्याकडे बघे. समोरासमोर कधी नाही. मी कुणाचे तरी केस वाळवत असायची, मान वर केली की आरशात त्याचे डोळे… आणि ते लगेच कपात. एकदा ड्रायरच्या नादात मी माझ्या जुन्या गिऱ्हाइकाचा, डोन्या फेफाचा, कान भाजला. ती म्हणाली, बाई गं, एक तर त्याला बघ, नाही तर माझे केस बघ.

मागच्या आठवड्यात तो आला तो स्वतःचाच निरोप घेऊन. दूर समुद्रकाठी बावारोच्या एका हॉटेलात नोकरी लागलीय म्हणाला. सोमवारी दुपारच्या गाडीने जाणार, कंपनीचा मोबाइल त्याआधी परत करायचा. "म्हणजे तुझे निरोप सुटले माझ्या तावडीतून," असं म्हणून तो हसला आणि थांबला.

मी वाट बघत होते. त्याने आणखी काहीतरी म्हणावं… काहीही. तो कपाच्या तळाशी बघत राहिला, आणि मला राग आला. मी म्हटलं, "बरंच झालं. माझ्या घरच्या गोष्टी परक्याच्या खिशात कशाला हव्यात?"

परका. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. त्याने कप हळूच खाली ठेवला आणि पावसात निघून गेला. बोलावून घ्यावं असं शंभरदा मनात आलं, पण मीही काही कमी आखडू नव्हते.

सोमवारी पहाटेच घाटात दरड कोसळली. रस्ता वाचला, वायर तुटली. डब्यावरचा दिवा विझला तो विझलाच. मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि सकाळभर दुसरं काही केलं नाही. डोन्या फेफाच्या डोक्यावर शेवटचा रोलर बसवला, तेवढ्यात माझ्या मोबाइलवर नेफ्तालीचा फोन आला. रेंज नीट नव्हती, आवाज तुटत होता, पण पहिलं वाक्य स्पष्ट ऐकू आलं.

"पापा घरात नाहीत."

रात्रपाळी करून तो झोपला होता. उठून बघतो तर दार सताड उघडं. पापांचा कोट खुंटीवर, बूट जागच्या जागी. म्हणजे नुसत्या सपाता घालून गेले होते, आणि बाहेर बर्फ पडत होता. पोलिसांना कळवलं होतं, गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या.

"युदेल्का, तू फोनजवळून हलू नकोस," तो म्हणाला. "माझा नंबर त्यांना येत नाही. घरचा तेवढा येतो. कुणी हातात फोन दिला, तर ते तिथेच लावणार."

मी बैठकीतल्या त्या मेलेल्या डब्याकडे बघितलं. पापांचा फोन येईल तो इथे नाही, रादामेसच्या खिशात वाजेल. मी लगेच त्याचा नंबर लावला. बंद होता. मोबाइल परत करूनही झाला होता.

डोन्या फेफाने काय झालं ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. रोलरवर टॉवेल गुंडाळून तिने गाडीची किल्ली उचलली. चिखल उडवत आम्ही त्याच्या ऑफिसपाशी पोचलो, तर शटर खाली. जेवणाची सुट्टी. रस्त्यापलीकडे बावारोची गाडी उभी होती, टपावर सामान चढत होतं, आणि वळचणीखाली रादामेस एकटाच उभा होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला. वेड्याला वाटलं असावं, मी त्याला निरोप द्यायला आले.

"मोबाइल कुठे आहे?" मी विचारलं.

"जमा केला. साहेबीण कासिल्दाबाईंच्या ड्रॉवरमध्ये… का?"

"पापा हरवलेत. बर्फात."

त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. तो मागच्या बाजूला धावला, साहेबीणबाईंच्या घराकडे. कासिल्दाबाई भात आणि घेवडा खात होत्या. जमा झालेली वस्तू जमा झाली, ऑफिस दोनला उघडेल, असं त्या म्हणाल्या. रादामेसचा आवाज चढलेला मी त्या दिवशी प्रथम ऐकला. एक म्हातारा माणूस थंडीत मरतोय आणि तुम्हाला घेवडा सुचतोय, असं तो त्यांना तोंडावर म्हणाला. बाई उठल्या. हातात काटा तसाच घेऊन त्यांनी शटर उघडलं, मग ड्रॉवर.

मोबाइल सुरू व्हायला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. पडदा उजळला, रेंज आली… आणि काहीच नाही. बंद असताना पापांनी फोन केला होता की नाही, हेही कळायला मार्ग नव्हता. केला असेल तर? घरचा फोन कुणी उचलत नाही, म्हणजे आता घरी कुणी नाही, असं वाटून ते पुन्हा चालायला लागले असतील तर?

मोबाइल काउंटरवर होता, एका बाजूला तो, एका बाजूला मी. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. पलीकडून गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. रादामेसने तिकडे मानही वळवली नाही.

"करतील ते फोन," तो म्हणाला. "लाइन गेली असली की दुपारी करतातच."

"तुला काय माहीत?"

त्याने काउंटरवरचा मोबाइल सरळ ठेवला. मग बोटाने काउंटर पुसत म्हणाला, "पहिल्यांदा वाटलं, चुकून लागला. म्हणाले, पाऊस येतोय, लसूण आत घेतला का? मी म्हटलं, अहो, मी… पण ते फार काळजीत होते गं. मग मी म्हटलं, घेतला, डॉन एलिसेओ, सगळा घेतला. तर इतके खूश झाले. तेव्हापासून दर वेळी तेच विचारतात. मीही तेच सांगतो."

आमच्या शेतात आता लसूण नाही. शेतच नाही. आई आजारी पडली तेव्हाच ते विकलं.

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू आकाशपाताळ एक करून माझा नंबर काढून टाकला असतास." आज तो आरशातून नाही, सरळ माझ्याकडे बघत होता. "मग तुझ्या दारात यायला मला निमित्त काय उरलं असतं?"

तेवढ्यात मोबाइल वाजला.

न्यूयॉर्कचा नंबर. रादामेसने आवाज मोठा केला. एक बाई आपल्याच भाषेत म्हणाली, की इथे एक आजोबा आलेत, नाव सांगत नाहीत, फक्त हा नंबर सांगतात. बोला त्यांच्याशी. आणि आम्ही पत्ता विचारायच्या आत पापांचा श्वास ऐकू आला.

"पापा," मी ओरडलेच. "पापा, कुठे आहात तुम्ही?"

"युदेल्का? शाळेतून आलीस का, बाळा?" त्यांचा आवाज थंडीने कापत होता. "मी मजेत आहे. तू घाबरू नकोस. जरा मोठ्या माणसाला फोन दे बघू."

मी तोंडावर हात दाबला. रादामेस पुढे वाकला. "मी आहे, डॉन एलिसेओ. लसूण आत घेतलाय. तुम्ही कुठे आहात ते मला सांगा, आम्ही न्यायला येतो."

मग पापा सावधपणे म्हणाले, "तू कोण पण? नेफ्ताली म्हणतो, आपण कुठे आहोत ते परक्याला सांगायचं नाही. तू घरचा आहेस का?"

इतके दिवस ज्याने लसणाचं एवढं सहज सांगितलं, त्याच्या तोंडून आता शब्द फुटेना. तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलेला तो एक शब्द आमच्या दोघांच्या मध्ये उभा होता. पापा फोन ठेवतील, आत्ता ठेवतील, असं मला दिसत होतं.

मी त्याचा हात धरला. थंडगार होता.

"पापा, ऐका. मी आता मोठी झालेय," मी म्हटलं. "हा माझा माणूस आहे. घरचाच आहे."

रादामेसची बोटं माझ्या हाताभोवती मिटली.

"मग आधी नाही का सांगायचं?" पापा म्हणाले. आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज अगदी खाली आणून ते त्याला म्हणाले, "पोरा, मी हरवलोय रे."

"सापडलात आता," रादामेस म्हणाला. "तिथून उठू नका हं. फोन जरा त्या बाईंना द्या."

ते एका लाँड्रीत होते, घरापासून बरेच दूर. बाईने पत्ता सांगितला, मी माझ्या मोबाइलवरून नेफ्तालीला कळवला, आणि तो पोचेपर्यंत रादामेस पापांशी बोलत राहिला. लसूण किती निघाला, पाकळी कशी आहे, व्यापारी काय म्हणतो. शेवटी पलीकडून नेफ्तालीचं रडणं ऐकू आलं, आणि पापा त्याला विचारत होते, तू का रडतोस? तेव्हा कुठे मी खाली बसले. डोन्या फेफा टॉवेलने डोळे पुसत होती. कासिल्दाबाई काटा हातात धरून उभ्याच होत्या.

पलीकडे ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला, या वेळी लांबलचक. रादामेसने मोबाइल काउंटरवर ठेवला. माझा हात अजून त्याच्या हातात होता. तो सोडवावा की नाही ते दोघांनाही कळेना.

"ते मघाशी…" तो म्हणाला. "पापांनी सांगावं म्हणून बोललीस ना तू? तसं असलं तरी हरकत नाही. मी फक्त विचारतोय."

"पापांशी मी कधी खोटं बोलत नाही," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग पावसात बाहेर जाऊन, माझा हात न सोडता, तो ड्रायव्हरला म्हणाला, "भाऊ, माझी बॅग तेवढी खाली दे."