शिट्टी मारणारा दिवा

"शिट्टी कोण मारतंय?"

मी मान वर केली. बाबांच्या दिवे-दुरुस्तीच्या दुकानात एक लांबुडका माणूस उभा होता. गळ्यात हेडफोन, हातात तुटलेली वायर.

"इथं माझ्याशिवाय कुणी नाही. आणि मी अनोळखी पुरुषांना शिट्ट्या मारत नाही."

"मग... तुमचा दिवा मारतोय."

तो समोरच्या स्टुडिओतला साउंडवाला. माझा दिवा त्याच स्टुडिओसाठी होता – एकच एलईडी, पण डोळे दिपवणारा. बाबांनी बजावलं होतं, "दिवा पास झाला तर हे टेबल तुझं. नाही तर इथं दादा बसेल, तू काउंटर सांभाळ."

"वीज अडवायला मध्ये एक रेझिस्टर टाक आणि मोकळी हो," दादाचा सल्ला.

"निम्मी बॅटरी नुसतं तापण्यात जाते त्यात!"

माझं सर्किट वीज भराभर तोडायचं, जोडायचं. मधली कॉइल ते धक्के सांधून एलईडीला एकसारखा प्रवाह द्यायची. ही तोडजोड करणारा ट्रान्झिस्टर तापू नये म्हणून तिचा वेग मी कमी ठेवला होता. तिथंच चुकलं. कॉइल त्याच वेगानं थरथरत होती, आणि ती थरथर याच्या कानांना शिट्टीसारखी ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. हातात तीच वायर.

"परत तुटली?"

"तोडली," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

मग हळूच म्हणाला, "चाचणी मीच घेणार आहे. शिट्टी मला नंतर रेकॉर्डिंगमधून पुसता येते... कुणाला कळणारसुद्धा नाही."

माझं डोकंच फिरलं. "मला कळेल ना! माझ्या दिव्यावर उपकार नकोत. ऐकू आलं तर ऐकू आलं म्हणायचं. तोंडावर."

"बरं बाई," तो म्हणाला. पण हसला असा, की सोल्डर भलतीकडेच सांडलं.

मी वेग इतका वाढवला, की कानांना तो पकडताच येऊ नये. ट्रान्झिस्टर तापला, तर तो थेट दिव्याच्या जाड ॲल्युमिनियमच्या पाठीवर आवळून टाकला. राहा तिथं गार!

चाचणी दुकानातच झाली. बाबा शेजारी उभे, दादा टेबलापुढच्या स्टुलावर. दिवा लागला. त्यानं माइक जवळ नेला, डोळे मिटले... मिटलेलेच.

"अहो, झोपलात की काय?"

त्यानं हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवले. बोटं गार पडली होती त्याची. आत नुसती शांतता... आणि बाबांच्या दम्याची घरघर.

"पास," तो म्हणाला.

बाबांनी दादाला स्टुलावरून उठवलं. मग भुवई वर गेली. "दिवा झाला. वायर धड आहे. मग हा अजून इथं का?"

तो चाचरला. मी नाही.

"माझ्यासाठी. आणि मला तो आवडतो, बाबा. उगाच लपवाछपवी नको."

त्याच्या हातून माइक निसटता निसटता राहिला. "मला... मलाही. म्हणजे, ती."

बाबांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "मध्ये एखादा रेझिस्टर टाकू का?"

"नको," मी माझ्या टेबलाशी बसत म्हटलं, "उगाच तापतं सगळं."