खटक्यावरची कानटोपी

ही गोष्ट खरी आहे. रंगवून सांगायची मला सवय नाही आणि तेवढी हातोटीही नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या घरात हे घडलं. तिने सांगितलं तसं सांगतो. शेवटचं थोडं मी स्वतः पाहिलं. पाहिलं असं मला वाटतं.

थंडीचे दिवस होते. रात्र म्हणावी इतका उशीरही झाला नव्हता. नुकती दिवेलागण झाली होती.

पहिल्या मजल्यावरचं जुनं घर. दार उघडलं की अरुंद बोळ. बोळात डाव्या हाताला मेन स्विचची लोखंडी पेटी. पुढे बसायची खोली, मग स्वयंपाकघर. बस, एवढंच.

त्या घरात अक्का एकटी होती...

आमचे मेहुणे कारखान्यात वीजदुरुस्तीच्या खात्यात होते. तिथे एकदा एक जण शिडीवर चढून तारा जोडत होता आणि खाली कुणीतरी न बघता खटका वर केला. वरचा माणूस जिवंत उतरला नाही.

तेव्हापासून त्या खात्यात एक रीत पडली. काम करणाऱ्याने मेन बंद करायचा आणि खटक्यावर आपली टोपी अडकवायची. ज्याची टोपी, त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. साहेब असला तरी नाही.

ही रीत मेहुण्यांनी घरी आणली. साधं बटण बदलायचं असलं तरी त्यांची विटकरी रंगाची लोकरी कानटोपी खटक्यावर चढायची.

अक्का हसायची. "अहो, घरात आपण दोघंच. मी काय तुमच्या जिवावर उठलेय?"

"तसं नाही गं. भाजीच्या नादात विसरशील आणि करशील खटका वर. मग रडशील कुणापुढे?"

काम संपलं की बोळातून हाक यायची, "लावू का?" म्हणजे कुणाचा हात कशाला लागलेला असेल तर तो काढून घ्यावा. अक्काने आतून "लावा!" म्हटल्याशिवाय ते टोपी काढत नसत आणि खटकाही वर करत नसत.

सगळा संसार असा झाला.

मग ते गेले. झोपेतच गेले.

माझा भाचा दूरच्या गावी असतो. तो फोनवर म्हणायचा, "आई, हट्ट पुरे झाला. आता काही बिघडलं किंवा तू कुठे पडलीस, तर मी एक ऐकणार नाही. घर विकायचं आणि तू इकडे यायचंस."

अक्काला घर सोडायचं नव्हतं. मेहुण्यांचा आवाज जिथून यायचा, ती जागा तरी त्या घरात होती.

म्हणून ती सगळं लपवायला लागली.

बसायच्या खोलीतला दिवा मिचमिचायचा. विजेची शेगडी लावली की मंद व्हायचा. कपाटामागच्या बोर्डातून चर्र... चर्र... असं ऐकू यायचं. बटण हाताला कोमट लागायचं. कधी जळक्या रबराचा वास यायचा.

आणि फ्यूज सारखा उडायचा.

वायरमनला बोलवावं, तर शेजाऱ्यांना कळणार. त्यांच्याकडून भाच्याला कळणार. मेहुण्यांना फ्यूजची तार बांधताना तिने कितीदा पाहिलं होतं. ते केसासारखी बारीक तार बांधत. अक्काने जाड तार घेतली, दुहेरी पिळली आणि घट्ट आवळली.

"आता उड बघू," ती फ्यूजला म्हणाली.

खरंच, उडेना.

वास मात्र वाढला...

त्या संध्याकाळी ती शेगडीपाशी हात शेकत बसली होती. बाहेर चिटपाखरू नव्हतं.

खट्...

अंधार.

तिने खिडकीतून पाहिलं. समोरच्या घरांत दिवे होते. फक्त तिच्याच घरात नव्हते.

बॅटरी घेऊन ती चाचपडत बोळात आली. मेनचा खटका खाली होता.

आणि खटक्यावर...

कानटोपी होती.

ती टोपी मेहुण्यांच्या कपड्यांबरोबर पलंगाखालच्या पेटीत होती. अक्काने स्वतःच्या हातांनी ठेवली होती.

तिला भुताची भीती वाटली नाही. वाटली ती वेगळीच. मीच काढली आणि विसरले की काय? पोराला कळलं तर आजच्या आज येऊन मला घेऊन जाईल.

तिने टोपी काढली. खटका वर केला. दिवे आले. टोपी पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली उशाखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला...

खट्.

ती आधी पलंगाकडे गेली. कुलूप तसंच होतं. किल्लीही उशाखालीच.

मग ती बोळात गेली.

टोपी खटक्यावर होती. काढायला तिने हात घातला आणि झटकन मागे घेतला.

टोपी उबदार होती. नुकतीच कुणाच्या तरी डोक्यावरून काढल्यासारखी...

ज्याची टोपी, त्यानेच काढायची.

ती रात्र तिने अंधारात, दोन गोधड्या पांघरून काढली. उजाडल्यावर वायरमनला फोन केला. पोराला कळलं तर कळू दे, म्हणाली.

वायरमन बोलघेवडा माणूस. आल्या आल्या म्हणाला, "मेन पाडलात हे बेस केलंत, काकू."

"मी नाही पाडला."

"मग कुणी?"

"तू तुझं काम कर."

त्याने फ्यूज उपसला आणि कपाळाला हात लावला. "काकू, ही फ्यूजची तार आहे की म्हैस बांधायचा दोर?"

"अरे, सारखा उडत होता."

"उडण्यासाठीच ठेवलाय तो! कुठेतरी बिघडलंय, एवढंच बिचारा सांगत होता. तुम्ही त्याचं तोंडच बांधून टाकलंत."

अक्काने कपाटामागे बोट दाखवलं.

त्याने कपाट ओढलं. बोर्ड उघडला. आणि त्याची बडबड थांबली...

आतला सांधा सैल होता. तारांवरचं आवरण वितळून ओघळलं होतं. मागच्या फळीचा कोळसा झाला होता. कपाटाच्या पाठीवर काळा डाग पडला होता. त्या कपाटात अंथरुणं-पांघरुणं खच्चून भरलेली.

"काकू," तो हळू आवाजात म्हणाला, "बटण गरम लागलं, वास आला की थांबायचं नसतं. हात कोरडे करून मेन पाडायचा आणि आम्हाला बोलवायचं. बोर्ड उघडायचा नाही, पाणी मारायचं नाही. काल रात्री हा मेन चालू राहिला असता ना..."



दिवसभर खपून त्याने जळक्या तारा काढल्या, शेगडीला वेगळी जाड वायर दिली, अर्थिंग नीट केलं. फ्यूजच्या जागी आपोआप पडणारं बटण बसवलं. अंधारून आलं तेव्हा तो बोळात आला.

"झालं. लावतो आता." त्याने टोपीकडे हात नेला.

"हात लावू नकोस!"

अक्का एवढ्याने ओरडली की तो दचकला. "अहो, टोपीच तर आहे."

"तुझी आहे का?"

त्याने हात मागे घेतला. मग त्याने पिशवी उचलली. "बरं, तुम्हीच लावा सावकाश." जिना तो भरभर उतरला.

अक्का स्वयंपाकघरात जाऊन बसली. पूर्वी बसायची तिथेच. अंधार दाटला.

कसलाच आवाज नव्हता...

आणि मग बोळातून हाक आली.

"लावू का?"

"लावा!"

विचार न करताच तिच्या तोंडून गेलं. सवयीने.

खट्. लख्ख उजेड पडला.

ती धावत बोळात आली. कुणी नव्हतं. खटका वर होता. टोपी नव्हती. पलंगाखालच्या पेटीत पाहिलं, तिथेही नव्हती.

त्यानंतर घर ठणठणीत झालं. दिवा मिचमिचेना. बटण गार. सगळं नीट झाल्याचं वायरमनने फोनवर सांगितलं, तसा भाचाही निवला. "आई, मग राहा तिथेच. आता मला काळजी नाही," म्हणाला आणि त्याचे फोन विरळ झाले.

घर राहिलं. पण बोळ मुका झाला...

पुढच्या थंडीत मी तिच्याकडे गेलो. दिवेलागण झाली होती. सगळ्या खिडक्यांत उजेड होता, तिच्या नव्हता. गोधडी पांघरून तिने दार उघडलं. हातात मेणबत्ती.

खटका खाली होता. त्यावर विटकरी कानटोपी होती.

"अक्का, काय बिघडलंय?"

"काही नाही. शेगडीच्या पॉइंटचा स्क्रू मीच सैल केला होता."

"वेड लागलंय का तुला? जीव जाईल!"

"ओरडू नकोस रे. वायरमन कालच घट्ट करून गेला. मला रागावलासुद्धा."

"मग दिवे का लावत नाहीस?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. तिचा चेहरा मला नव्या नवरीसारखा वाटला. कसं सांगू...

"कालपासून विचारतायत," ती कुजबुजली. "लावू का, म्हणून. मी उत्तर देत नाही. मागच्या वेळी 'लावा' म्हटलं आणि गेले."

आम्ही बहीणभाऊ अंधारात बसून राहिलो. थंडी हाडांत शिरत होती. एकाएकी अक्काने ओठ घट्ट मिटले आणि बोळाकडे पाहिलं.

मी काही ऐकलं नाही. भाच्याला मी असंच सांगितलंय. त्याने परत विचारलं तरी तेच सांगेन.

पण त्या क्षणी 'लावा' हा शब्द माझ्या जिभेवर येऊन उभा होता... आणि तो बाहेर पडू नये म्हणून मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

कुणी विचारलंच नव्हतं, तर मी उत्तर कशाचं देत होतो?