बाहीला बाही

फोटोग्राफर शेजारच्या खोलीत राहायला आला, तेव्हा पहिल्याच दिवशी चहाच्या निमित्ताने काकूंनी त्याचं सगळं सामान नजरेखालून घातलं. गल्ली पाठीमागे त्यांना 'दुर्बीण' म्हणे. त्यांना ते ठाऊक होतं आणि राग मुळीच नव्हता. कुणाच्या दोरीवर काय वाळतंय, यावरून त्या घरी कोण आलं, कोण रुसलं, कोण अंथरुणाला खिळलं, हे त्या बसल्या जागी सांगत.

"फोटो कसले काढता?"

"सीमेचे. साधेच. माळ, चर, एखादं झाड."

"अहो, मग कुंपण तरी काढा!"

"कुंपण सगळेच काढतात, काकू. मी पलीकडचं काढतो. जिथे बघण्यासारखं काहीच नाही, ते."

काकू हसल्या खऱ्या, पण कप हातातच राहिला. त्या 'काहीच नाही'मध्ये त्यांची ताई दिली होती. तेव्हा कुंपण नव्हतं. चराच्या पलीकडे ताईचं घर, हाकेच्या अंतरावर. मग कुंपण आलं, पलीकडची घरं पाडली, माणसं कुठे हलवली देव जाणे. आता परसातून ताईच्या दारच्या झाडाचा शेंडा तेवढा दिसे, बाकी सगळं बांधाआड. ताई आहे की गेली, एवढं कळलं तरी काकूंना पुरे होतं.

एका संध्याकाळी फोटोग्राफरने दार वाजवलं. "जरा येता? तुम्हाला कपड्यांतलं कळतं म्हणे."

त्याच्या न्हाणीघरात फोटो धुण्यासाठी लाल दिवा लावलेला होता. आंबूस वास, नळाची टिपटिप. थाळीतल्या पाण्यात कोरा कागद पडला होता. बघता बघता त्यावर गवत उगवलं, मग चर, मग झाड. आणि झाडापासून निघालेली एक दोरी, कपड्यांनी भरलेली.

"दुपारभर बांधावर उभा होतो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "दोरी नव्हती, काकू. शपथ..."

काकू वाकल्या. प्रत्येक कपड्याची बाही पुढच्या कपड्याच्या बाहीला चिमट्याने जोडलेली. असं एकच माणूस वाळत घालायचं. आई ओरडायची, "कपडे वाळत घालतेस की फेर धरायला लावतेस?" ताई म्हणायची, "एकेकटे ओलेच राहतात गं ते."

शेवटच्या सदऱ्याची एक बाही मोकळी होती. आपल्या बाजूला ताणलेली.

"तिथे घरच नाही... मग वाळत घातलं कुणी?"

काकू तशाच घरी परतल्या.

सकाळी त्यांनी आपला स्वेटर धुतला, कोपरावर ठिगळ असलेला. दोरीच्या टोकाला एका खांद्यावर लावला आणि दुसरी बाही सीमेकडे मोकळी सोडली.

"काकू, स्वेटर असा वाळत घालतात होय?" समोरची म्हणाली.

"माझा स्वेटर, माझी दोरी! तू तुझ्या दुधाकडे बघ, उतू चाललंय."

दुपारी पाऊस आला. दुसऱ्याचे कपडेही धावत जाऊन काढणाऱ्या काकू, पण स्वतःचा स्वेटर त्यांनी काढला नाही.

अंधारून आलं तेव्हा लाल दिव्याखाली त्या दिवशीच्या फोटोचा कागद भिजत होता. गवत, चर, झाड, दोरी. शेवटच्या सदऱ्याच्या बाहीला आता एक स्वेटर होता. कोपरावर ठिगळ.

"हा... तुमचा?"

"माझा दोरीवर आहे. आत्ताच बघून आले."

दोघं परसात गेले. पाऊस थांबला होता. पानही हलत नव्हतं. स्वेटर जागच्या जागी होता आणि त्यातून पाणी निथळत होतं. एक बाही मात्र आडवी, सरळ, चराच्या दिशेने ताणलेली. तिच्या टोकाला कुणी नव्हतं.

तो उंबऱ्यातच थबकला. "काकू, नका जाऊ..."

काकू गेल्या. बाही चाचपली. कोरडी ठणठणीत होती, आणि मनगटापाशी उबदार. इतकी वर्षं जपलेला तो एक प्रश्न ओठांपर्यंत आला. आहेस, की...? त्यांनी तो गिळला. बाहीच्या तोंडातून हात हळूच आत घातला, लहानपणी रस्ता ओलांडताना ताईला द्यायच्या तसा.

बराच वेळ गेला. झाडाचा शेंडाही दिसेनासा झाला.

"काकू... आत या ना."

"येते हो," काकू हळूच म्हणाल्या. "तिनं सोडलं की येते."