सारवलेल्या रस्त्यावरची लाल गाडी

"अहो, ओ लाल गाडीवाले! इथं गाडी लावायची नाही. हे ऑफिसचं दार आहे, पॉइंट बघायची जागा नव्हे!"

कस्तुरा सकाळी सकाळी कडाडली. तिचं तरी काय चुकलं? शनिवार उजाडला की मुंबईची हौशी मंडळी लोणावळ्याच्या बाजारात वाटेल तिथं मोटारी आडव्या घालायची आणि चिक्की घ्यायला पसार व्हायची. आज तर चक्क कंपनीच्या पायरीला खेटून एक बुटकी, दोन दारांची, मिरचीसारखी लाल गाडी उभी!

गाडीतून एक उंच तरुण अंग चोरत बाहेर आला. तरी डोकं टपाला आपटलंच. ते चोळत तो म्हणाला, "पॉइंट बघायला नाही आलो, बाई. नोकरीवर रुजू व्हायला आलोय. पण पहिल्याच दिवशी हाकलत असाल तर... जातो."

"म्हणजे तुम्ही... हनुमंतसाहेब? नवे साहेब?"

"हनुमंत खरा. साहेब अजून व्हायचाय."

"आणि ही गाडी?"

"शेठ घेणार असले तर शेठची. येताना मुंबईहून चालवत आण म्हणाले."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं कस्तुराला झालं. तो मात्र खळखळून हसला. आपल्या बोलण्यावर कुणीतरी हसलं, याला किती काळ लोटला होता, ते तिला आठवेना. टाइपरायटरवर कागद चढवताना ती उगाच खाली मान घालून बसली.

कंपनी कसली, भातावर औषध फवारायचे पंप विकणारं दुकानच ते. पण शेठना "कंपनी" म्हणवून घ्यायला आवडायचं, आणि कस्तुराला तिथं पाय टेकायला जागा मिळाली होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा विषमज्वरानं गेला. सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून माहेरी धाडलं. मग आईही गेली. आता ती स्टेशनामागच्या एका खोलीत राहायची. एकटीसाठी चूल काय पेटवायची, म्हणून सकाळचीच भाकरी रात्री खायची. रविवार तर तिला खायला उठायचा. दिवसभर कुणी हाकसुद्धा मारायचं नाही. मग संध्याकाळी ती वाण्याकडे जायची, कशाला, तर "काय देऊ ताई?" एवढे शब्द ऐकायला. तिच्या फडताळात काडेपेट्यांचा ढीग साठला होता.

दोन दिवसांनी शेठनी दुसरी गाडी दारात आणून उभी केली. ती म्हणजे जीपची थोरली बहीणच! उंच, चौकोनी, मागं सामानाला ऐसपैस जागा. चिखल लागला की एक दांडा ओढायचा, की चारही चाकं जोर लावायची. रूपाचं म्हणाल तर... जाऊ द्या.

"कंपनीला एकच गाडी परवडेल," शेठ हनुमंताला म्हणाले. "लाल घेतलीस तर पुण्याची शाखा तुझी. गुळगुळीत रस्ते, मोठे व्यापारी, बढती. ही थोरली घेतलीस तर इथंच राहायचं आणि आंदर मावळापासून तिकोणा पेठेपर्यंत चिखल तुडवायचा. दोन्ही चालवून बघ आणि आठवड्यात सांग."

शेठ गेले तसा हनुमंत कस्तुराच्या टेबलाशी येऊन रेंगाळला.

"तुम्हाला कोणती आवडली?"

"मला विचारून काय उपयोग? मी कुठं बसणार आहे त्यात?"

"बसायचं म्हटलं तर?"

कस्तुराची बोटं टाइपरायटरवर अडखळली. "साहेब, माझ्या तीन ओळी चुकल्या तुमच्यामुळं."

"तीनच? माझं तर आल्यापासून काहीच बरोबर येईना." असं म्हणून गडी पसार!

मग रोजचाच खेळ झाला तो. कधी लाल गाडीतून उतरताना डोकं आपटून घ्यायचा, तिला हसवायला. कधी थोरलीतून उतरून म्हणायचा, "हिच्यात बसलं की पोटातलं पाणी कसं ढवळतं! पण गरीब आहे बिचारी, कुठंही ने." बोलता बोलता तिच्याकडे बघायचा... आणि ती खिडकीबाहेर. दुपारी तिच्यासाठी न विचारता चहा यायला लागला. कस्तुरा रात्री खोलीवर जाऊन त्याचं एकेक वाक्य पुन्हा ऐकायची आणि मग स्वतःवरच चिडायची. विधवेनं असली स्वप्नं बघू नयेत, हे काय तिला कुणी सांगायला हवं होतं? तो पुण्याला जाणार. लाल गाडी कोण सोडतं! तो गेला की चहा बंद होणार, आणि रविवार परत खायला उठणार.

आठवड्याच्या शेवटी त्यानं सरळच विचारलं. हसणं नाही, चेष्टा नाही. "कस्तुराबाई, शेठना आज सांगायचंय. कोणती सांगू?"

राहा की इथंच... ओठांवर आलं होतं तिच्या. पण ती म्हणाली, "तुमची मर्जी, साहेब. मी कोण सांगणारी?"

तो मान हलवून शेठच्या खोलीत गेला.

त्याच दिवशी आंदर मावळातल्या एका वाडीवर पंप दाखवायला जायचं होतं. भाताची निम्मी कामं बायकाच करायच्या, आणि त्या परक्या पुरुषापुढं यायला तयार नसत. म्हणून शेठ कस्तुराला म्हणाले, "तूही जा. बायकांना समजावून सांग." थोरली गाडी घेऊन शेठ स्वतः कामशेतला गेलेले, तेव्हा उरली लाल. म्हातारे मेकॅनिक सखारामकाका मांडीवर पंप घेऊन मागच्या सीटवर बसले आणि वळणं सुरू व्हायच्या आत घोरायला लागले. पाऊस सरत आला होता. भात पोटरीवर, लोंबी फुटायच्या बेतात आलं होतं आणि वाऱ्यावर त्याचा ओला गोड वास येत होता. कस्तुराला वाटलं, हा रस्ता संपूच नये.

संपला... आणि कसा! वाडीच्या तोंडाशी एक चढ होता. साहेबांची मोटार पहिल्यांदाच येतेय म्हणून वाडीनं पहाटे उठून तो अख्खा चढ शेणानं सारवून काढला होता! अंगण सारवावं तसा, गुळगुळीत, कडेला रांगोळीसुद्धा. हनुमंतानं झोकात गाडी घातली. निम्म्या चढावर चाकं जागच्या जागी फिरली, गाडी उलटी घसरली आणि रांगोळी पुसत बांधावरून थेट भाताच्या खाचरात जाऊन बसली.

"आलं का गाव?" सखारामकाका जागे होत म्हणाले.

वाडी धावली. "आरं द्येवा! आमी तर मानानं सारवलं हुतं, सायेब," एक म्हातारबाबा रडकुंडीला आले.

हनुमंत गुडघाभर चिखलात उभा. "आबा, एवढ्या मानाची सवय नाही हो माझ्या गाडीला." सगळे हसले आणि बैल आणायला पळाले.

तेवढ्यात झुंबरबाई नावाच्या एका ठसठशीत बाईनं कस्तुराला हाताला धरून घरात नेलं. गुळाचा चहा झाला. आजूबाजूच्या बायका जमल्या. कस्तुरा पंपाचं सांगायला लागली, तर झुंबरबाईनं तिला पाटावर बसवलं. "त्ये मागनं. आदी वटी भरू दे. सायबाची बायकू पयल्यांदा दारात आलीया, रिकामी धाडू व्हय?"

"अहो, पण माझ्या कपाळाला..."

"कुकू न्हाई म्हनतीस? म्हाईत हाय मला. शेरातल्या बायांची फ्याशनच हाय ती." झुंबरबाईनं करंडा उघडून ठसठशीत कुंकू लावलंसुद्धा.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. कस्तुराला ते कळत होतं. पण कपाळाला बोट लागलं आणि बोलायचं राहूनच गेलं. इतक्या वर्षांत कुणी तिच्या कपाळाला हात लावला नव्हता. पदर आपोआप पुढं झाला. त्यात तांदूळ पडले, हळकुंड पडलं, खोबऱ्याची वाटी पडली. बायका खिदळल्या, "आता नाव घ्या, वैनी! धन्याचं नाव घ्या!"

दाराकडे बघितलं तर चिखलानं माखलेला हनुमंत हात धुवायला पाणी मागत उभा.

कस्तुराला राहवलं नाही. "मावशी, मी खोटं घेतलं. माझा नवरा वारलाय. हे... हे माझे कुणी नाहीत." तिनं भरला पदर पुढं धरला. "घ्या हे परत."

कुणीतरी "आगं बया!" म्हणालं. झुंबरबाईनं एकदा दाराकडे बघितलं, एकदा पोरीच्या पदराकडे. मग तिनं तो पदर स्वतःच्या हातानं खोचून दिला.

"दिल्याली वटी कुनी माघारी घेतं का? आमच्यात न्हाई तशी रीत. आन खोटं काय त्यात? मी भरली, तू घेतलीस. आता फुडचं तुज्या हातात, पोरी."

बैलांनी गाडी ओढून काढली तेव्हा ऊन कललं होतं. परतताना काका पुन्हा झोपले. हनुमंत नुसता समोर बघत गाडी चालवत होता. लाजवलं मी याला, चारचौघांत... कस्तुरा मनाशी रडकुंडीला आली होती. फाट्यावर त्यानं गाडी थांबवली.

"तिथं म्हणालात ते खरं? मी तुमचा कुणी नाही?"

"खरंच की. तुम्ही कोण माझे?" तिचा आवाज चिरकला. "पण ते म्हणताना... फार वाईट वाटलं मला."

त्यानं डोळे मिटले. "हे सकाळी बोलली असतीस तर! मी शेठना लाल सांगून आलोय, कस्तुरा. पुण्याला जातो म्हणून सांगून आलोय. मला वाटलं, मी राहिलो काय, गेलो काय, तुला..."

"अहो!" तिला हसू आणि रडू एकदमच आलं. "रोज चहा पीत होते ना तुमचा? उगाच?"

तिनं पदरातली ओटी नीट सावरली. मग म्हणाली, "गाडी शेठच्या घरी घ्या."

शेठ सोप्यात झोपाळ्यावर बसले होते. शेठाणी वाती वळत होत्या. कस्तुरा पुढं झाली. कपाळावर कुंकू, पदरात ओटी. तिला बघून शेठाणींचे हात थांबले.

"शेठ, थोरली गाडी घ्या. लाल नको."

शेठनी चष्मा वर केला. "अगं, ज्याची गाडी त्यानं सकाळी ठरवलं. पुणं म्हणजे बढती आहे त्याची. ती अडवणारी तू कोण?"

सकाळी हाच प्रश्न तिनं स्वतःलाच विचारून तोंड मिटलं होतं. आत्ताही नोकरी जाईल, गाव बोलेल, सगळं दिसत होतं तिला.

"हे गेले तर मी परत एकटी पडेन, शेठ," ती म्हणाली. "इतकी वर्षं राहिले एकटी, कुणाला कळू दिलं नाही. आता नाही हो राहवत मला."

झोपाळा थांबला. शेठ हनुमंताकडे वळले. "आणि तू रे? बढती सोडतोस?"

"सोडली, शेठ. हिनं ही गोष्ट तुमच्यासमोर बोलायच्या आधी मी बोलायला हवी होती. माझी चूक झाली."

शेठनी लाल गाडीच्या किल्लीसाठी हात पुढं केला. शेठाणी उठल्या, कस्तुराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जेवून जा दोघं. पानं वाढते."

कस्तुरा तिथंच सोप्यात, सगळ्यांदेखत, हुंदके देऊन रडायला लागली. हनुमंत येऊन तिच्या शेजारी उभा राहिला, आणि ती बाजूला सरकली नाही.